एका शब्दाच्या दोन वाटण्या

प्रश्न : माझी मुलगी नववीत, सेमी इंग्रजीला आहे. शाळेतून एक वर्कशीट आलं. ‘इन्कॉम्प्रिहेन्सिबल’ हा शब्द देऊन त्यावर तीन कामं सांगितली होती : सिलॅबल पाडा, स्ट्रेस दाखवा, आणि प्रीफिक्स (उपसर्ग), रूट (मूळ), सफिक्स (प्रत्यय) वेगळे करा. पहिल्या कामात मुलीने ‘इन, कॉम, प्रिहेन्स, इबल’ असे चार तुकडे केले. बाईंनी त्यावर फुली मारून सहा लिहिले. तिसऱ्या कामात मात्र तेच चार तुकडे बरोबर धरले! स्ट्रेसचा घोळ तर त्याहून मोठा. घरातल्या जुन्या डिक्शनरीत खूण ‘हेन’च्या नंतर आहे, मोबाइलमध्ये ‘हेन’च्या आधी. मी केळीवाला माणूस, दहावीपर्यंत शिकलेला. पोरीला काय सांगू?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, पोरीचं डोकं ठिकाणावर आहे आणि बाईही बरोबर आहेत. घाई झाली ती वर्कशीट काढणाऱ्याची. एकाच पानावर त्याने दोन वेगळ्या वाटण्या मागितल्या आणि त्यांच्यात फरक काय, ते सांगायचं राहून गेलं. केळीचा घड तुम्ही फण्यांनी मोजता, व्यापारी तोच घड काट्यावर टाकतो. घड एकच, माप दोन.

सिलॅबल पाडायचे ते कानाने. अर्थाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. मराठी पुस्तकांत सिलॅबलला कुणी अक्षर म्हणतं, कुणी शब्दावयव. पण अक्षर म्हटलं की पोरं लिहिलेली अक्षरं मोजत बसतात, म्हणून मी वर्गात ‘ठोका’ म्हणायची. तुमचं ‘रावेर’ लिहायला तीन अक्षरं, पण हाक मारताना ठोके दोनच : रा-वेर. ‘जळगाव’ चार अक्षरं, ठोके दोन. आमचं ‘अमळनेर’ पाच अक्षरं, ठोके तीन : अ-मळ-नेर. कागदावरची संख्या एक आणि तोंडातली दुसरी, हे आपल्याही भाषेत आहेच. फक्त आपल्याला कुणी मोजायला लावत नाही.

मोजायचं कसं? आमच्या शाळेचे दोन वर्ग पत्र्याचे होते. जुलैत पाऊस सुरू झाला की टाळ्या वाजवून ठोके मोजायची सोय नाही, पत्र्यापुढे कुणाची टाळी ऐकू येणार! मग मी पोरांना हनुवटीखाली तळहात आडवा धरायला लावायची. शब्द सावकाश म्हणायचा, हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल तितके सिलॅबल. ‘इन्कॉम्प्रिहेन्सिबल’ म्हणून बघा : इन्, कॉम्, प्रि, हेन्, स, बल. सहा. शेवटच्या ‘बल’ला हनुवटी जरा फसवते, कारण तिथे खरा स्वर नाहीच. स्पेलिंगमध्ये सर्वांत शेवटी ‘ई’ आहे, पण तो मुका. ‘बी’नंतरचा ‘एल’ एकटाच तो ठोका ओढून नेतो. आपण ‘टेबल’ म्हणताना ‘ब’मध्ये चांगला भरलेला ‘अ’ घालतो, इंग्रज जवळजवळ घालत नाही. म्हणून स्पेलिंगमधले स्वर मोजून सिलॅबल काढायचा नाद नको. या शब्दात स्वरांची अक्षरंही सहाच भरतात, पण तो योगायोग आहे. ‘मेक’मध्ये स्वराची अक्षरं दोन, ठोका एकच.

आता स्ट्रेस, म्हणजे आघात. सहा ठोके सारख्या वजनाचे नसतात. एक सगळ्यांत जड, एक मध्यम, बाकीचे उरकलेले. मराठीत आपण असं करत नाही. आपली भाषा पॅसेंजर गाडीसारखी, प्रत्येक स्टेशनवर थांबणारी. इंग्रजी एक्स्प्रेस आहे. जळगाव-भुसावळचा मार्ग डोळ्यांपुढे आणा, गाडी नागपूरकडे निघालेली. शिरसोली, जळगाव, भादली, भुसावळ, वरणगाव, आचेगाव. सहा स्टेशनं, सहा ठोके. एक्स्प्रेस शिरसोलीला नुसती शिट्टी देऊन जाते, जळगावला दोन मिनिटं टेकते, भादलीची पाटी धड वाचूही देत नाही (बालकवी 1918 मध्ये गेले ते याच भादलीजवळ, रुळांवर, इथून जाताना मला दर वेळी आठवतं), भुसावळला ऐसपैस थांबते, आणि पुढचं वरणगाव, आचेगाव पुन्हा खिडकीतूनच. तसंच इन्-कॉम्-प्रि-हेन्-स-बल. ‘हेन्’ म्हणजे भुसावळ, मुख्य आघात. ‘कॉम्’ म्हणजे जळगाव, दुय्यम आघात.

थांबणं म्हणजे नुसतं जोरात ओरडणं नव्हे. आघाताचा ठोका जरा लांबतो, आवाज थोडा वर चढतो आणि स्वर स्वच्छ ऐकू येतो. बिनआघाताच्या ठोक्यांचे स्वर मात्र झिजतात. ‘प्रि’मधला स्वर ‘प्री’इतका ताणायचा नाही, आणि ‘सि’ तर जवळजवळ ‘स’ होतो. आपल्याकडची पोरं इन्-कॉम्-प्री-हेन्-सी-बल असं सहाही ठिकाणी गाडी थांबवतात. समजतं, पण ऐकणाऱ्याला गाडी फार उशिरा पोहोचल्यासारखी वाटते.

डिक्शनरीच्या खुणेचा घोळ खरा आहे, तुमचे डोळे बरोबर सांगताहेत. मोबाइलमध्ये आणि आजच्या बहुतेक ब्रिटिश डिक्शनऱ्यांत उभी रेघ ठोक्याच्या आधी असते : ‘पुढचा ठोका जड’ अशी आगाऊ सूचना. वरच्या अंगाला रेघ असेल तर मुख्य आघात, खालच्या अंगाला असेल तर दुय्यम. बऱ्याच जुन्या आणि काही अमेरिकन डिक्शनऱ्यांत खूण ठोक्याच्या नंतर येते : ‘आत्ता गेला तो जड’. दोन्ही तुम्हाला ‘हेन्’च दाखवताहेत. कुठल्याही डिक्शनरीत आधी माहितीतला शब्द काढायचा. ‘टीचर’ काढा. आघात ‘टी’वर आहे हे सगळ्यांना ठाऊक, मग खूण त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा. त्या डिक्शनरीची रीत कळली.

आघात चुकला तर काय बिघडतं, असं तुम्ही मनात म्हणत असाल. माझं बिघडलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका प्रशिक्षणात मला इंग्रजीतून पाच मिनिटं बोलायचं होतं. अमळनेरची म्हणून मी साने गुरुजी घेतले. 1924 ते 1930 ते इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, त्यांच्याबद्दल बोलायला मला काय कमी? ‘ॲडमायर’ हा शब्द पाठ होता, त्याला ‘एबल’ जोडून मी ठणकावून ‘ॲड-माय-रेबल’ म्हटलं. समोरच्या बाई ‘पार्डन?’ म्हणाल्या. मी पुन्हा तेच, अजून मोठ्याने. तिसऱ्यांदा त्यांनी फळ्यावर लिहायला सांगितलं, आणि लिहिल्यावर म्हणाल्या, ‘ओ, ॲड्मरबल!’ शब्द तोच, स्पेलिंग अचूक, पण आघात एक स्टेशन पुढे गेला आणि बाईंना शब्दच ओळखू आला नाही. वर्ग हसला. मी बसले. त्या रात्री हॉस्टेलवर डिक्शनरी घेऊन ‘एबल’वाले शब्द काढत बसले होते, ती वही अजून आहे.

पोरीसाठी बरी गोष्ट अशी की तिचा शब्द ‘ॲडमायर’इतका लबाड नाही. कॉम्प्रिहेन्ड, कॉम्प्रिहेन्शन, कॉम्प्रिहेन्सिव्ह, कॉम्प्रिहेन्सिबल, सगळ्यांत आघात ‘हेन्’वर. ‘इन्’ आधी जोडला तरी तो हलत नाही. फक्त शेवटी ‘इटी’ लागून ‘इन्कॉम्प्रिहेन्सिबिलिटी’ झालं की ठोके आठ होतात आणि मुख्य आघात ‘बि’वर सरकतो. म्हणजे ‘इटी’ लागली की एक्स्प्रेसचा मोठा थांबा भुसावळचा आचेगावला! ‘इटी’ला आपल्या अगदी आधीचा ठोका जड लागतो. ‘पॉसिबल’मध्ये ‘पॉ’ जड, ‘पॉसिबिलिटी’त ‘बि’. फोटो स्टुडिओवाल्यांनाही एकदा सांगायचं आहे की फोटोग्राफमध्ये ‘फो’ जड, पण फोटोग्राफर म्हणताना ‘टॉ’ जड : फ-टॉ-ग्र-फर. आणि फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रा’. पण ते लग्नसराईत कुठे ऐकणार.

दुसरी वाटणी अर्थाची, आणि मला जास्त आवडणारी हीच. इथे पोरीचे चार तुकडे बरोबर. ‘इन्’ म्हणजे नाही. ‘कॉम्’ म्हणजे एकत्र, पुरतं. ‘प्रिहेन्स’ आला लॅटिनच्या ‘प्रिहेन्डेरे’वरून, म्हणजे पकडणे, हातात धरणे. ‘इबल’ म्हणजे तसं करण्याजोगं. जे पुरतं पकडता येत नाही ते. आणखी सोलायचं म्हटलं तर ‘प्रिहेन्स’मधला ‘प्रि’ हाही मुळात उपसर्गच, पण प्रीपेडमधल्या ‘प्री’सारखा ‘आधी’ असा अर्थ इथे शोधू नका. तो केव्हाच मुळाशी एकजीव झालाय.

हे पकडणं तुमच्या घरात आधीपासून आहे. मोटरसायकलचा विमा काढताना एजंट विचारतो, थर्ड पार्टी की कॉम्प्रिहेन्सिव्ह? कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे सगळं कवेत घेणारा. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात पोरं ‘अप्रेंटिस’ लागतात, तो शब्दही याच ‘प्रिहेन्डेरे’च्या घराण्यातला, फ्रेंचमार्गे आलेला : विद्या पकडायला आलेला तो अप्रेंटिस. दर दुसऱ्या दुकानाच्या पाटीवरचं ‘एन्टरप्रायजेस’ही तिथलंच, त्याचा मूळ अर्थ हाती घेतलेलं काम. आणि काम फसलं तर जिथे नेतात, ते ‘प्रिझन’सुद्धा.

आता मराठी बघा. ‘इन्कॉम्प्रिहेन्सिबल’ला आपला शब्द ‘अनाकलनीय’. तो फोडा : अन् + आ + कल् + अनीय. अन् म्हणजे नाही, आ हा उपसर्ग, कल् हा धातू, अनीय म्हणजे तसं करण्याजोगं (वंदनीय, दर्शनीय यांतला तोच). चार तुकडे, त्याच क्रमाने, तीच कामं करणारे! आकळणे म्हणजे जुन्या मराठीत मुठीत धरणं, आवरणं. मन आकळणे म्हणतात ते हेच. दोन्ही भाषांनी समजणं हे हाताने धरण्यावरूनच घेतलं. यातलं ‘इन्’ आणि ‘अन्’ तर सख्खी भावंडं आहेत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असावं असं विल्यम जोन्स या भाषापंडिताने 1786 मध्ये कलकत्त्याला भाषणात मांडलं, त्या घराण्यातली. इंग्रजीचं ‘अन्’ (अनहॅपीमधलं) आणि ‘ॲनिमिया’तलं ग्रीक ‘अन्’ ही आणखी दोन भावंडं. ॲनिमिया म्हणजे शब्दशः ‘रक्त नाही’. धातूंचं मात्र असं नातं लावू नका. कल् आणि प्रिहेन्ड वेगळ्या घरचे, फक्त धंदा एक. (आमच्याकडे कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, त्याच्याशी तर काहीच संबंध नाही. वर्गात ‘कळणे’ शिकवताना ‘बाई, ठेचा पण का?’ असं विचारणारा एक तरी निघायचाच.)

दोन वाटण्या कुठे भांडतात ते आता दिसेल. अर्थाने कापलं तर ‘स’ हा ‘प्रिहेन्स’चा. कानाने कापलं तर तोच ‘स’ पुढच्या ठोक्यात जातो : हेन्-स. ‘अनाकलनीय’चंही तेच. व्याकरणात अन्, मग आ. पण तोंडात अ-ना; ‘न्’ने घर बदललं. संधी शिकताना सूर्य + उदय म्हणायचं आणि बोलताना सूर्-यो-दय, ही कसरत पोरीने कधीच केलेली आहे. तिला म्हणावं, वर्कशीटवर दोन ओळी लिही. पहिली कानाची, सहा तुकडे, ‘हेन्’ खाली दुहेरी रेघ, ‘कॉम्’ खाली एकेरी. दुसरी अर्थाची, चार तुकडे. अर्थ लिहायला सांगितलाच, तर माझ्या एका विद्यार्थ्याने अहिराणीत दिलेला मला अजून सर्वांत चोख वाटतो : ‘जे वाचीसन माले काहीच समजनं नही, ते.’

प्रश्न : मुंबई-आग्रा रस्त्यावर माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. समोरून टँकर जातात, मागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं. काहींवर नुसतं ‘फ्लेमेबल’. पोरगा म्हणतो इन् म्हणजे नाही, म्हणजे पहिला टँकर पेटत नाही. खरं का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : दादा, त्या पोराला दोन्ही टँकरपासून लांब ठेवा. दोन्ही सारखेच पेटतात.

लॅटिनमध्ये ‘इन्’ दोन आहेत, दिसायला जुळे. एक ‘नाही’वाला, वर सांगितला तो. दुसरा ‘आत’वाला, ‘इन्कम’मधल्या ‘इन्’सारखा. इन्फ्लेमेबलमध्ये हा दुसरा आहे : आतून ज्वाळा धरणारं. पण तुमच्या पोरासारखा अर्थ लावणारे इंग्रजी बोलणाऱ्यांतही पुष्कळ निघाले, आणि अशा शब्दात गैरसमज म्हणजे जीवाशी गाठ. म्हणून विसाव्या शतकात आगीपासून सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी सरळ ‘फ्लेमेबल’ लिहायचा आग्रह धरला. आता दोन्ही चालतात. न पेटणारं असेल तर ‘नॉन-फ्लेमेबल’.

‘नाही’वाला इन् वेशही बदलतो. पॉसिबलच्या आधी ‘इम्’, लीगलच्या आधी ‘इल्’, रेग्युलरच्या आधी ‘इर्’. यात पाठ करण्यासारखं काही नाही, जिभेला विचारा. ‘इन्पॉसिबल’ घाईत म्हणून बघा, ओठ मिटायला निघतात आणि ‘न्’चा ‘म्’ आपोआप होतो. आपला अनुस्वार हेच करतो. संप म्हणताना म्, संत म्हणताना न्, संकट म्हणताना घशाजवळचा ङ्. टिंब एक, उच्चार तीन, आणि आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

प्रश्न : मी पाट्या रंगवतो. एका मंगल कार्यालयाची पाटी केली, ‘सामान चोरीला गेल्यास मॅनेजमेंट रिस्पॉन्सिबल नाही’ अशी, इंग्रजीतून. मी ‘एबल’ लिहिलं, मालक म्हणतो ‘इबल’ पाहिजे. काही नियम आहे का, की नुसतं पाठांतर?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : अर्धा नियम आहे. शेपूट झाका आणि बघा काय उरतं. पूर्ण, जिवंत इंग्रजी शब्द उरला तर बहुतेक वेळा ‘ए’ : वॉश-एबल, रीड-एबल, वर्क-एबल. अर्धवट काहीतरी उरलं तर बऱ्याचदा ‘आय’ : टेर-इबल, पॉस-इबल, व्हिज-इबल, आणि रावेरच्या भाऊंचा कॉम्प्रिहेन्स-इबल. कारण असं की लॅटिन क्रियापदांचे गट होते. एका गटातून आलेल्यांना ‘ए’चं शेपूट, बाकीच्यांना ‘आय’चं. नवा शब्द इंग्रजीने घरी बनवला की ती ‘ए’च लावते, मोबाइलवरचं ‘डाउनलोडेबल’ बघा. अपवाद मात्र दोन्हीकडे आहेत : ‘ॲक्सेस’ पूर्ण शब्द, तरी ॲक्सेसिबलला आय, ‘प्रोबेबल’मध्ये अर्धवट उरतं, तरी ए.

एकाच अर्थाला दोन्ही शेपटांचे शब्दही सापडतात. ‘इटेबल’ इंग्रजी घरचा, ‘एडिबल’ लॅटिनवरून आलेला. एडिबल म्हणजे खाल्लं तर अपाय होत नाही. इटेबल म्हणजे खाववतं. कार्यालयातल्या पंगतीची भाजी एडिबल असतेच, इटेबल असेल की नाही ते आचाऱ्यावर.

तुमच्या शब्दाचं शेपूट झाकलं तर ‘रिस्पॉन्स’ उरल्यासारखं वाटतं, आणि तिथेच तुम्ही फसलात. रिस्पॉन्सच्या शेवटी ‘ई’ असतो, इथे तो नाही. ‘एस’वर अर्धवट तुटतं, म्हणून आय. मालक बरोबर आहे. एकच अक्षर खरवडायचं आहे, पाटी पुरी पुसू नका.